घराच्या किल्ल्या कोणापाशीं?

आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. मृग नक्षत्र लागलें कीं येथला शेतकरी पऱ्हे टाकण्याच्या गडबडींत असतो. परंतु जुन्या वळणाचा शहाणा शेतकरी कणगींतलें सारें बियाणें एकाच दिवशीं वाफ्यांत टाकीत नाहीं. थोडें तरी तो बाजूला, कोरड्या जागीं, उंदरांपासून जपून ठेवतो. पाऊस दगा देतो, कोवळे पऱ्हे करपतात किंवा कुजून जातात, आणि मग त्या बाजूला ठेवलेल्या बियाण्यावरच वर्षाचें अन्न अवलंबून राहतें. ही अक्कल त्याला कोणत्याहि ग्रंथांतून शिकावी लागली नाहीं. आपण मात्र, चार बुकें शिकलेले पांढरपेशे लोक, ज्या वस्तूवर हल्लीं आपला सारा प्रपंच चालतो तिच्या बाबतींत ही साधी गोष्ट विसरलों आहों. ती वस्तु म्हणजे आपले परवलीचे शब्द, ज्यांना सारें जग पासवर्ड म्हणतें.

बँकेचें खातें, प्राप्तिकराचें विवरण, विजेचें देयक, आगगाडीचें तिकीट, विम्याचा हप्ता, भविष्यनिर्वाह निधि, परदेशीं राहणाऱ्या लेकीचीं पत्रें आणि नातवंडांचीं छायाचित्रें, या प्रत्येकाला आज एक स्वतंत्र कुलूप आहे. व प्रत्येक कुलपाचा शब्द निराळा असावा असा जाणत्यांचा आग्रह आहे. तो योग्यच आहे; कारण एका ठिकाणचा शब्द चोराच्या हातीं लागला तरी त्यानें बाकीचीं दारें उघडूं नयेत. परंतु असे पन्नास-साठ शब्द, तेहि अर्थहीन अक्षरांचे, कोणत्या गृहस्थाच्या ध्यानांत राहणार? म्हणून ते सांभाळणारी एक यांत्रिक तिजोरी निघाली. तिलाच पासवर्ड मॅनेजर म्हणतात. फोनांत किंवा संगणकांत ती बसते, सगळे शब्द आपल्या पोटांत घेते, आणि योग्य दारापाशीं योग्य शब्द आपण होऊन पुढें करते. आपण फक्त तिचा एक मुख्य शब्द लक्षांत ठेवावयाचा. सोय मोठी खरी. पण या सोयीनें घरच्या सगळ्या किल्ल्या एका जुडग्यांत ओंवल्या गेल्या आहेत, आणि तो जुडगा बहुतेक घरांत एकाच माणसाच्या कंबरेला आहे. तो माणूस अंथरुणाला खिळला, किंवा तो जुडगाच हरवला, तर काय होईल याचा विचार आपण केला आहे काय?

मीं तो केला नव्हता. आमच्या घरावर प्रसंग आला तेव्हां तो करावा लागला.

आमचे दादा म्हणजे व्यवस्थितपणाचा नमुना. निवृत्त झाल्यावरहि घरांतली प्रत्येक पावती तारेला ओंवून ठेवण्याची त्यांची शिस्त मोडली नव्हती. पावत्या जाऊन फोन आला तेव्हां हीच शिस्त त्यांनीं फोनांत नेली. सगळीं खातीं, सगळे शब्द तिजोरींत. तिजोरीचा मुख्य शब्द मात्र त्यांच्या डोक्यांत. "लिहून ठेवला तर तो गुप्त कसला?" असें ते म्हणत, व आम्हांला तें पटत असे. एके पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नागपुरास नेलें, उपचार सुरू झाले, आणि दुसऱ्या दिवशीं विम्याचे कागद हवे झाले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पॉलिसीचा नंबर, कार्ड, सगळें फोनांत आहे असें हे म्हणत. मला त्यांतलें कांहींच ठाऊक नाहीं हो." फोनाचें कुलूप दादांच्या बोटाच्या ठशानें उघडलें. परंतु आंतली तिजोरी ठशावर समाधान मानीना. तिला मुख्य शब्द पाहिजे होता. दादांची वाचा गेलेली. समोर पाटी धरली तेव्हां डाव्या हातानें त्यांनीं तीन अक्षरें काढलीं. चौथें आठवेना. त्यांनीं पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड फिरविलें. वहिनींनीं ती पाटी पुसून टाकली व पुन्हां तो विषय काढला नाहीं.

सुटका झाली ती एका योगायोगानें. गोंदियास घरीं एक जुना संगणक होता. तिजोरी घेण्यापूर्वीं दादा त्याच्या ब्राउझरमध्यें शब्द सांठवीत असत. आणि तो संगणक उघडण्याचा शब्द वहिनींना ठाऊक होता, कारण दर रविवारीं त्या पुण्याच्या मुलाशीं त्यावरच बोलत. पुतण्या त्या वेळीं नागपुरास वडिलांच्या उशाशीं होता. मी गोंदियाच्या घरीं आलों, त्यानें फोनवरून एकेक पायरी सांगितली, आणि ब्राउझरमधील सगळ्या शब्दांची यादी एका फाइलींत उतरली. विम्याचें खातें त्या यादींत होतें. घोर मिटला. त्या आनंदाच्या भरांत मीं ती फाइल, आहे तशी, निरोपासारखी पुतण्याला धाडून दिली आणि संगणकावरहि तशीच राहूं दिली. त्याचा तत्काळ फोन आला, "काका, हें तर तुम्हीं घराचें दार चौकटीसकट काढून चौकांत नेऊन ठेवलेंत!" त्या रात्रीं जागून आम्हीं मुख्य खात्यांचे शब्द बदलले.

नक्कलच नसणें ही पहिली चूक, आणि उघडी नक्कल मोकाट सोडणें ही दुसरी. या दोन चुकांनीं जें शिकविलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

तिजोरीवर भरवसा किती ठेवावा?

कोणी म्हणेल, "एवढ्या बलाढ्य कंपन्यांची तिजोरी, त्यांनींच नक्कल ठेविली असेल. आपण कशाला डोकें शिणवावें?" अलीकडचा अनुभव याला अनुकूल नाहीं. जुलै २०२४ मध्यें गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील एका बदलामुळें विंडोज संगणकांवरील पुष्कळ लोकांना आपले सांठविलेले शब्द सुमारें १८ तास दिसेनासे झाले. शब्द नष्ट झाले नव्हते, परत दिसूं लागले. पण त्याच १८ तासांत कोणाला रुग्णालयाचे पैसे भरावयाचे असते तर? पुढें २०२५ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या ऑथेंटिकेटर नांवाच्या ॲपमधून शब्द सांठविण्याची सोयच काढून घेतली. जूनमध्यें नवे शब्द ठेवणें थांबलें, जुलैंत ते आपोआप भरणें थांबलें, आणि ऑगस्टपासून ठेवलेले शब्दहि त्या ॲपमध्यें दिसेनासे झाले. कंपनीनें सूचना आधीं दिली होती. परंतु अशा सूचना वाचतो कोण?

तिसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. लास्टपास या प्रसिद्ध तिजोरीवर २०२२ सालीं चोरी झाली, तेव्हां चोरांनीं पळविल्या त्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या नकलाच! डिसेंबर २०२२ मध्यें कंपनीनें तें जाहीर केलें. आंतले परवलीचे शब्द सांकेतिक रूपांत होते, म्हणून ज्यांचा मुख्य शब्द लांब व कठीण होता त्यांना तेवढें तरी संरक्षण राहिलें. ज्यांचा दुबळा होता त्यांचें संरक्षणहि दुबळें ठरलें. खातीं कोणकोणत्या ठिकाणीं आहेत त्यांचे पत्ते मात्र उघडेच होते. यावरून दोन गोष्टी ध्यानांत याव्यात. दुसऱ्याच्या घरीं ठेवलेली नक्कल म्हणजे आपली नक्कल नव्हे. आणि कोणतीहि नक्कल तिच्या कुलपाएवढीच सुरक्षित असते.

वेद कसे टिकले?

माझ्या परिचयांतील एका वृद्ध गृहस्थांनीं यावर निराळाच आक्षेप घेतला. "आपल्या पूर्वजांनीं सबंध संहिता मुखोद्गत ठेवल्या. तुम्हांला पन्नास शब्द पाठ होत नाहींत, आणि नकला कसल्या उतरवितां?" ऐकावयास बरें वाटलें, पण विचार करतां हा दाखला उलट आमच्याच बाजूचा आहे. वेद टिकले ते कोणा एका बुद्धिमान पुरुषाच्या स्मरणांत राहिल्यामुळें नव्हे. एकच संहिता अनेक घरांत, अनेक प्रांतांत, अनेक मुखांत वसत होती, हें एक. आणि पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तीच अक्षरें उलटसुलट म्हणून पडताळली जात, हें दुसरें. एकाचा स्वर चुकला तर दुसरा तत्काळ थांबवी. म्हणजे पुष्कळ नकला, त्या वेगवेगळ्या ठिकाणीं, आणि त्यांची वारंवार तपासणी. आमच्या दादांची स्मृति कोणत्याहि घनपाठ्याला लाजविणारी होती. ती एका रात्रींत गेली, कारण तिची दुसरी प्रत नव्हती.

नक्कल उतरविण्याची रीत

हें काम घरच्या संगणकावर करावें. दुकानांतल्या किंवा कचेरींतल्या यंत्रावर कदापि करूं नये. क्रोम ब्राउझर वापरणाऱ्यानें त्याच्या सेटिंग्जमधून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडावा आणि त्याच्या सेटिंग्जमध्यें शब्द एक्स्पोर्ट करण्याची जी सूचना आहे ती निवडावी. संगणक स्वतःच्या कुलपाचा शब्द विचारतो, व मग फाइल हातीं देतो. फायरफॉक्स व एज या ब्राउझरांमध्यें शब्दांच्या पानावरच तीन ठिपक्यांआड ही सोय असते. ॲपलच्या मॅक संगणकावर पासवर्ड्स नांवाच्या ॲपमध्यें फाइल या मेनूखालीं ती सांपडते.

अशी जी फाइल मिळते तिला सीएसव्ही म्हणतात. ती म्हणजे स्वल्पविरामांनीं तोडलेली साधी यादी. एका ओळींत एक खातें: संकेतस्थळाचा पत्ता, आपलें नांव, आणि परवलीचा शब्द, धडधडीत वाचतां येईल असा. तिला कसलेंहि कुलूप नाहीं. तिजोरी फोडून सोनें अंगणांत ओतावें तसाच हा प्रकार. अशा उघड्या यादीचा धोका परवलीच्या शब्दांइतकाच जुना आहे. अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठांत फर्नांडो कोर्बाटो यांच्या देखरेखीखालीं १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत एक संगणक अनेकांनीं वाटून वापरण्याची व्यवस्था झाली, व प्रत्येकाला स्वतंत्र शब्द देण्यांत आला. तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वांट्याचे तास पुरेनात. १९६२ सालीं त्यानें यंत्राकडूनच सगळ्या शब्दांची फाइल छापून घेतली आणि इतरांच्या नांवावर आपलें काम उरकलें! यादी उघडी असेल तर ती वाचणारा कोणीतरी निघतोच.

म्हणून उघडी फाइल तासाभरापेक्षां अधिक काळ जिवंत ठेवूं नये. तिच्यापासून कुलूपबंद नक्कल करण्याची सोपी वाट अशी: कीपास नांवाची तिजोरी २००३ पासून मोफत मिळते, तिच्या धर्तीवर निघालेली कीपासएक्ससी ही दुसरीहि मोफतच आहे. तिची सारी तिजोरी म्हणजे आपल्या संगणकावरील एक फाइल. सीएसव्ही तींत भरावी, तिला भक्कम मुख्य शब्द द्यावा, की ती एकच फाइल हवी तेथें नेतां येते. बिटवॉर्डनसारख्या तिजोरींत तर कुलूपबंद नक्कल थेट काढतां येते. मात्र तेथें दोन प्रकार आहेत. एका प्रकारची नक्कल त्याच खात्यांत परत भरतां येते. तें खातें हातचें गेलें कीं नक्कलहि निरुपयोगी. दुसरीला आपण स्वतंत्र शब्द देतों, व ती कोठल्याहि बिटवॉर्डन खात्यांत उघडते. घरच्या उपयोगाला ही दुसरीच घ्यावी.

कुलूपबंद नक्कल झाली कीं उघडी सीएसव्ही पुसून टाकावी. डाऊनलोड्सच्या खणांतून, कचऱ्याच्या टोपलींतून, आणि संगणक आपोआप जेथें प्रती पाठवितो त्या दूरच्या सांठ्यांतूनहि. ही फाइल हिशेबाच्या तक्त्यांत उघडून पुन्हां जतन करण्याचा मोहहि टाळावा. शब्दाच्या आरंभींचीं शून्यें त्यांत गळून जातात, व बरोबरीच्या चिन्हानें सुरू होणाऱ्या शब्दाला तो तक्ता गणित समजतो.

शेवटची पायरी बहुतेक सारे विसरतात. नक्कल उघडून पाहावी, आणि तींतल्या दोन-तीन शब्दांनीं खरोखर दारें उघडतात का तें तपासावें. आपल्या विदर्भांतील कित्येक जुन्या घराण्यांत नागपूरकर भोसल्यांच्या अमदानींतले मोडी कागद फडक्यांत बांधलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण घरांत मोडी वाचणारा कोणी उरला नाहीं. ज्या नकलेचा शब्द आपण विसरलों तिची गत याहूनहि वाईट. कारण मोडी वाचणारा निदान शोधून सांपडतो.

नकलेंत काय येत नाहीं

नक्कल झाली म्हणजे सारें झालें असें नव्हे. पुष्कळ ठिकाणीं परवलीच्या शब्दानंतर दुसरा एक आंकडा मागितला जातो. तो फोनवरील संदेशानें येतो, किंवा निराळ्या ॲपमध्यें दर अर्ध्या मिनिटानें बदलत असतो. ब्राउझरच्या यादींत हा दुसरा पहारेकरी येत नाहीं. त्यासाठीं ज्या त्या खात्याचे राखीव आंकडे आधींच घेऊन कागदावर उतरवावेत. गूगल असे आठ अंकी दहा आंकडे देतें. प्रत्येक एकदांच चालतो.

संदेश ज्या क्रमांकावर येतो तो क्रमांकहि एक किल्लीच आहे. आजारपणांत त्याचे पैसे भरावयाचे राहिले आणि तो दीर्घकाळ बंद पडला तर कालांतरानें दुसऱ्याच्या नांवें जाऊं शकतो. म्हणून घरच्या यादींत त्या क्रमांकाची व त्याचे पैसे भरण्याच्या तारखेची नोंद असावी.

बिटवॉर्डनच्या सीएसव्ही नकलेंत केवळ खातीं व टिपणें येतात. कार्डांचे तपशील येत नाहींत. ते हवे असतील तर जेसॉन नांवाचा दुसरा प्रकार निवडावा लागतो. हल्लीं शब्दाऐवजीं पासकी नांवाची नवी किल्ली रूढ होत आहे. तीहि साध्या यादींत उतरत नाहीं. एका तिजोरींतून दुसरींत ती सुरक्षितपणें नेण्याच्या रीतीचा मसुदा फिडो अलायन्स या संस्थेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केला, व तिजोऱ्या बनविणारे तो हळूहळू स्वीकारीत आहेत. तोंवर पासकी असलेल्या खात्याला दुसरी वाट ठेवावी.

नक्कल कोठें ठेवावी

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशांतील संजय सरोवराचें पाणी सोडलें गेलें आणि वैनगंगेनें आमच्या व शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत हाहाकार उडविला. ज्या घरांत पाणी शिरलें तेथें माळ्यावरचें वांचलें, खालचें गेलें. संगणक आणि त्याची नक्कल घेतलेला पेनड्राइव्ह एकाच टेबलाच्या खणांत असतील, तर पूर, आग आणि चोर या तिघांनाहि दोन्ही एका खेपेंत सांपडतात. पीटर क्रोग या छायाचित्रकारानें आपल्या चित्रसंग्रहासाठीं तीन, दोन, एक असा नियम सांगितला, तो आतां सर्वत्र मान्य झाला आहे: वस्तूच्या तीन प्रती, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

आमच्या घरीं हा नियम असा बसविला. चालू तिजोरी फोनांत. कुलूपबंद नक्कल एका पेनड्राइव्हवर गोंदियास, दुसऱ्यावर पुण्यास पुतण्याकडे. मुख्य शब्द मात्र पेनड्राइव्हबरोबर नाहीं. तो कागदावर लिहून, लखोट्यांत बंद करून, एक लखोटा वहिनींच्या दागिन्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्यें आणि दुसरा माझ्यापाशीं आमगांवीं. कुलूप एकीकडे, किल्ली दुसरीकडे. कागदावर लिहिण्यानें पुष्कळांचा थरकाप होतो. परंतु दूरदेशचा चोर संगणकांत हात घालूं शकतो, लॉकरमधल्या लखोट्यांत नाहीं.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षें पडून राहिला तर त्यावरील मजकूर विरूं शकतो, आणि शब्दहि मधूनमधून बदलत असतात. म्हणून वर्षाचा एक दिवस ठरवून नवी नक्कल उतरवावी. खंडेनवमीला आपण घरांतलीं हत्यारें-यंत्रें पुसून त्यांची पूजा करतों. आम्हीं तोच दिवस धरला आहे.

कोणाला काय सांगावें

आतां नाजूक प्रश्न. बँकेचा शब्द घरच्यांना सांगावा काय? रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं परिपत्रक काढून स्पष्ट केलें कीं, ग्राहकानें आपले गुप्त शब्द दुसऱ्यास सांगितल्यानें नुकसान झालें तर बँकेला कळवीपर्यंतचा तोटा त्याचा त्यालाच सोसावा लागेल. तेव्हां बँकेचा पिन व फोनवर येणारा आंकडा या देण्याघेण्याच्या वस्तु नव्हेत. मनुष्य गेल्यावर त्याच्या शब्दानें पैसे काढणें तर सर्वथा अनुचित. तेथें नामनिर्देश आणि वारसा यांचाच मार्ग. नामनिर्देश कोरा असेल तर आजच भरावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार जणांपर्यंत नांवें देतां येतात. घरच्यांना सांगावयाचें तें हें कीं, कोणत्या बँकेंत, कोणत्या विमा कंपनींत, कोणत्या नांवानें आपलें काय आहे. हें न सांगितल्यामुळेंच कित्येक ठेवी बेवारस पडतात. दहा वर्षें न हललेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधींत जाते. वारस ती मागूं शकतात, व शोध घेण्यासाठीं ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नांवाचें संकेतस्थळहि आहे. पण शोध घ्यावा हें तरी वारसांना सुचलें पाहिजे.

पत्रें, छायाचित्रें, कागद यांसाठीं कंपन्यांनीं थोडी सोय केली आहे. गूगलमध्यें २०१३ पासून अशी योजना आहे कीं, खातें तीन ते अठरा महिने वापरलें गेलें नाहीं तर आपण नेमलेल्या दहा जणांपर्यंत त्यांतील ठराविक भाग पोंचावा. ही योजना अवश्य भरून ठेवावी; कारण दोन वर्षें न वापरलेलीं खातीं गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकूं लागलें आहे. ॲपलमध्यें २०२१ च्या अखेरीपासून मृत्यूनंतरचा वारस नेमतां येतो. मात्र त्या वारसाला छायाचित्रें मिळतात, सांठविलेले परवलीचे शब्द मिळत नाहींत. म्हणजे पुन्हां आपलीच नक्कल आपल्या कामास येणार.

या सगळ्यांत एक गोष्ट मला विशेष खटकली, ती कबूल करतों. आमच्या घरांत पूर्वीं कोठीच्या किल्ल्या आजीच्या कंबरेला असत. धान्य किती, डाळ किती, सोनें कोठें, हें तिला ठाऊक असे. कोठी फोनांत गेली तेव्हां त्या किल्ल्या कोणीहि न बोलतां पुरुषांच्या खिशांत गेल्या. वहिनी पदवीधर आहेत, हिशेबाला चोख आहेत. तरी चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या रुग्णालयाच्या कट्ट्यावर "मला कांहींच ठाऊक नाहीं हो" म्हणत बसल्या, याला त्या जबाबदार नव्हत्या. दादांनीं कांहीं लपविलें होतें असेंहि नाहीं. सांगावें असें कोणाला वाटलेंच नव्हतें. वाचकांपैकीं ज्या घरांत अशी स्थिति असेल त्यांनीं झटक्याची वाट पाहूं नये, एवढीच विनंति.

दादा आतां काठी घेऊन अंगणांत फिरतात. वाचा बरीच परतली, जुना मुख्य शब्द मात्र अखेरपर्यंत परतला नाहीं. ती तिजोरी तशीच बंद राहिली, व तींतलीं कांहीं खातीं पुन्हां नव्यानें उघडावीं लागलीं. गेल्या खंडेनवमीला पूजा आटोपल्यावर ते संगणकासमोर वहिनींच्या शेजारीं बसले. नवा शब्द दोघांनीं मिळून ठरविला होता. मी पायऱ्या सांगूं लागलों तों वहिनींनीं हातानें मला थांबविलें. नक्कल उतरली, कुलूप लागलें, उघडी फाइल टोपलींतूनहि गेली. मग त्यांनीं पेनड्राइव्ह काढला, पुन्हां लावला, लखोट्यांतला शब्द घातला आणि तिजोरी उघडून विम्याच्या ओळीवर बोट ठेवलें.

"ही पाहा," त्या दादांना म्हणाल्या. "आतां विसरलांत तरी चालेल."